तेल न खाणारं मशीन

१

लख्खी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सासूबाईंनी ठेवलेलं. सून घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं दारं पुसली, दारांच्या कड्या पुसल्या, कड्यांच्या मागची भिंत पुसली, आणि मग भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंना म्हणाली, "आई, जरा सरकता का?" म्हातारी सरकली आणि म्हणाली, "एक दिवस मलाच पुसून काढशील गं. लख्खी कुठली!" तेव्हापासून बावीस वर्षं ती लख्खीच. खांद्यावर निळ्या चौकड्यांचं फडकं, सदानकदा. ते नसलं तर तिला उघडं पडल्यासारखं वाटायचं.

आणि अशा बाईला नवरा कोण मिळावा? तर वखारवाला. घराच्या मागंच जळणाची वखार. ओंडके यायचे, तो ते कापायचा, फोडायचा आणि कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीला पुरवायचा. कानात भुसा, भुवयांत भुसा, नखांत काळं तेल. जेवायला बसला की लख्खी आधी त्याच्या हातांकडे बघायची, मग वाढायची.

"हात धुतले का?"

"धुतले की."

"कशानं? चिखलानं?"

"मी तुला दिला तेव्हा धुतलेला होता हो," सासूबाई आतून ओरडायच्या. "पुढचं तुझं तू बघ."

लाकूड कापायचं मशीन मात्र साफ करायचं काम लख्खीचं. नवऱ्यानं केलं असतं तर ते तसंच राहिलं असतं. त्या मशीनचं कसं असतं, लांब पट्टी असते, पट्टीभोवती दातांची साखळी फिरते, आणि साखळी तापू नये म्हणून तिला सतत तेल लागतं. ते तेल आणि लाकडाचा भुसा मिळून पट्टीच्या मुळाशी, झाकणाच्या आत, काळा चिकट लगदा जमतो. रोज संध्याकाळी लख्खी दोन नट सोडून झाकण काढायची आणि जुन्या टूथब्रशनं, दाभणानं तो लगदा कोरून काढायची. शिसारी यायची तिला. पण खोटं कशाला बोला, मजाही यायची. कान कोरताना येते तशी.

मग एक दिवस बेकरीवाला दारात येऊन घाई करायला लागला आणि नवऱ्यानं घाईघाईत मशीनमध्ये नुसतंच पेट्रोल भरलं. त्या इंजिनाला पेट्रोल नुसतं पाजून चालत नाही, त्यात आधी थोडं तेल मिसळावं लागतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मशीन दहा मिनिटं किंचाळलं आणि बसलं ते बसलंच.

"मेलं," नवरा म्हणाला.

"मारलंत," लख्खी म्हणाली.

२

दुकानात भिंतभर मशीनं टांगलेली. दुकानदार एकेक उतरवून नवऱ्याच्या हातात देत होता.

"हे बॅटरीचं. आवाज नाही, धूर नाही."

"ओला ओंडका कापेल?"

"फांद्या कापेल."

"फांद्या माझी आई पण मोडते. दुसरं दाखवा."

दुसऱ्याची पट्टी हातभर लांब, पण दिवसभर धरायचं म्हटलं तर खांदा उतरून हातात आला असता. तिसरं हलकं, पण त्याला साखळीचा ब्रेकच नव्हता. दुकानदार म्हणाला, सवय झाली की ब्रेक लागत नाही. त्यावर लख्खी म्हणाली, मग तुम्हीच वापरा. नवरा हँडल पकडून तोलून बघत होता, दोरी ओढून बघत होता, आणि लख्खी तोवर प्रत्येक मशीनच्या फटीतून बोट फिरवत होती. सगळ्यांवर धूळ. नव्या कोऱ्या मशीनवरसुद्धा. तिचं नाक वाकडं व्हायला लागलं.

तेवढ्यात तिला सगळ्यांत खालच्या फळीवर एक दिसलं. मध्यम आकाराचं, रंग थोडा उडालेला, म्हणजे वापरलेलं. पण काय स्वच्छ! तिनं झाकणाच्या फटीत बोट घातलं. काही नाही. तेलाच्या बुचाभोवती करंगळी फिरवली. काही नाही. एवढं साफ तिनं स्वतःसुद्धा कधी केलं नव्हतं.

"हे कुणाचं?"

"परत आलेलं आहे. एक जोडपं होतं. त्या माणसानं आणून दिलं." दुकानदार फळीकडे न बघता बोलत होता. "बायको मोठी टापटिपीची होती म्हणे."

"होती?"

"असं तो म्हणाला. चालतं उत्तम. आणि तेल अजिबात खात नाही."

आता दुसरी कुठली बाई असती तर इंजिन बघितलं असतं, पट्टी बघितली असती. लख्खीनं स्वच्छता बघितली आणि म्हणाली, हेच. नवऱ्यानं दात बघायला साखळीवर अंगठा टेकवला. नुसता टेकवला, तरी चिरला. टचकन रक्त आलं.

"धार आहे," तो खूश होऊन म्हणाला आणि अंगठा तोंडात घातला.

लख्खी फडकं घेऊन साखळीवरचं रक्त पुसायला वाकली. तिनं डोळ्यांनी बघितला होता तो थेंब, दातावर पडलेला.

पुसायला काही नव्हतंच.

३

पहिल्या दिवशी मशीननं कमाल केली. ओंडके खाली येत होते आणि कापले जात होते. नवरा दुपारी जेवायला आला तो शीळ घालत.

संध्याकाळी लख्खीनं स्टुलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, ब्रश आणि दाभण काढलं, पान्यानं दोन नट सोडले आणि झाकण उचललं.

आत लगदा नव्हता.

भुशाचा कण नव्हता. पट्टीच्या खाचेतसुद्धा नव्हता. दिवसभर ओलं लाकूड कापलेलं मशीन, आणि आतून असं, की मांजरानं दुधाचं पातेलं साफ करून ठेवावं. तसंच ओलं. तशीच चमक. लख्खीनं बोट लावलं. ते ओलं कोमट होतं. इंजिन बंद होऊन दोन तास झाले होते.

"अहो, आज किती वेळा भरलं?"

"पेट्रोल तीनदा."

"आणि साखळीचं तेल?"

नवरा थांबला. "तेल नाही भरलं. लागलंच नाही."

आता हे काही बरोबर नाही. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा तेलाची टाकीही तळाला आलेली असते, म्हणून दोन्ही एकदम भरायच्या. बावीस वर्षांत हा नियम चुकला नव्हता. लख्खीनं तेलाचं बूच फिरवलं. टाकी काठोकाठ भरलेली.

"बघ, दुकानदार खोटं नाही बोलला," नवरा म्हणाला. "तेल खातच नाही."

लख्खीनं स्वतःची समजूत काढली. तेल जात नसेल तर साखळी तापून निळी पडली असती. तशी पडली नव्हती. मग जात असणार. मग टाकी भरलेली कशी? कदाचित ह्यांनी भरलं असेल आणि विसरले असतील. विसरणारा माणूस आहेच तो. पेट्रोलात तेल घालायला विसरला तो तेल घातलेलं विसरायला किती वेळ?

तिनं ब्रश परत डब्यात ठेवला. हाताला काम न मिळाल्यामुळे तिला रात्री नीट झोप लागली नाही.

४

चौथ्या दिवशी मशीनखाली डाग पडलेला दिसला.

त्यात विशेष काही नाही. अशी सगळी मशीनं गळतात, फळीवर ठेवली की थेंब थेंब तेल सोडतात. लख्खीनं फडक्यानं पुसलं. दुकानातून आणलेलं तेल लाल होतं, हे पिवळट पांढरं. आणि फडकं उचललं तर ते तुटेना. तार निघाली. लांब, बारीक, मध्येच एक बुडबुडा असलेली तार, फळीपासून फडक्यापर्यंत.

वास घेऊ नये असं वाटत असताना तिनं वास घेतला. तेलाचा नव्हता. लहान मूल झोपून उठलं की उशीला येतो, तसा.

ती फडकं धुवायला निघाली तर सासूबाईंनी वाटीच पुढं केली.

"अगं, वाया कशाला घालवतेस? जरा माझ्या गुडघ्यांना दे."

"आई, ते मशीनचं आहे."

"मग गुडघे काय फुलांचे आहेत? तेही मशीनच. दे."

म्हातारी कुणाचं ऐकते? रोज ती फळीखाली वाटी ठेवायला लागली आणि रोज गुडघ्यांना चोळायला लागली. आणि काय सांगायचं, चोळायला लागल्यापासून पाचव्या दिवशी उठून घरभर नाचत होती. "बघ गं, कुरकुर गेली! हात लावून बघ, कसे मऊ झालेत."

लख्खीनं हात लावला. कातडी मऊ होती. फार मऊ. पाण्यात दिवसभर राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, आणि तिच्या बोटाचा दाब जिथं पडला तिथं खळगा तसाच राहिला. हळूहळू भरला.

"आई, इथं तुमचा व्रण होता ना? लहानपणी झाडावरून पडलात तो?"

सासूबाईंनी वाकून बघितलं. उजवा गुडघा, मग डावा. दोन्ही कोरे.

"गेला वाटतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, हसू थांबवून, "साठ वर्षं होता की गं तो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाटी ठेवली नाही.

५

त्याच आठवड्यात लख्खीला एक सुख मिळालं, आणि ते तिनं मिटक्या मारत घेतलं, हे मागाहून तिला फार लागलं.

नवऱ्याचे हात स्वच्छ झाले.

जेवायला बसला आणि तिनं सवयीनं बघितलं, तर नखं गुलाबी, बोटांची पेरं गोरी, तळहाताच्या भेगा भरलेल्या. बावीस वर्षं ज्या काळ्या रेषांशी ती साबण, लिंबू, राख घेऊन भांडली, त्या गेलेल्या.

"अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला? घासून धुतलेत की!"

"नाही धुतले," तो म्हणाला.

"चेष्टा नको."

"खरंच नाही. विसरलो." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. "कापून झालं की दुपारी जरा पडतो ना तिथं ओंडक्याला टेकून. उठलो की असे असतात."

लख्खीनं त्याला जादा वाढलं. तिला काय, हात स्वच्छ झाल्याशी मतलब.

दोन दिवसांनी त्याचा फोन उघडेना. अंगठा टेकवायचा की उघडायचा तो फोन. त्यानं अंगठा टेकवला, पुसून टेकवला, ओला करून टेकवला. फोन आपला ओळखच दाखवेना.

"फोन बिघडला."

"इकडे द्या, काच घाण झाली असेल." लख्खीनं काच पुसली. मग तिनं त्याचा अंगठा धरून काचेवर टेकवला आणि तशीच थांबली. तो अंगठा उचलून तिनं खिडकीच्या उजेडात धरला.

रेषाच नव्हत्या. माणसाच्या बोटावर भोवऱ्यासारख्या बारीक रेषा असतात, त्या नव्हत्या. दुकानात चिरलं होतं तो वणही नव्हता. अंगठा उकडून सोललेल्या अंड्यासारखा होता. आणि बोट बारीक झालं होतं. अंगठी सैल होऊन पेरावर आली होती.

"दुखतं का?"

"छे. उलट बरं वाटतं." तो ओशाळं हसला. "थंडगार वाटतं. तुला सांगू? दुपारची वाट बघतो मी."

६

लख्खी वेडी नव्हती. उगाच काहीतरी मनात घेऊन बसायचं तिला आवडत नसे, मनातली जळमटंसुद्धा झाडूनच टाकायची. म्हणून तिनं ठरवलं, बघायचं.

साखळीला तेल पोचतंय की नाही हे बघायची एक रीत असते. मशीन चालू करून पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरायचं. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उठली की ठीक. लख्खीनं पुठ्ठा घेतला, पण मशीन चालू केलं नाही. नुसता वखारीतल्या फळीवर, मशीनच्या खाली सारला. सकाळचे दहा वाजले होते. नवरा बेकरीवर जळण टाकायला गेला होता.

ती स्वतः दहा मिनिटं समोर उभी राहिली. पुठ्ठा कोरडा.

"आई, जरा इथं या हो."

सासूबाई आल्या. "काय करू?"

"काही नाही. उभ्या राहा."

"कशाला? फोटो काढतेस?" म्हातारी मशीनसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, डावीकडून दाखवलं, उजवीकडून दाखवलं. पुठ्ठा कोरडा.

"झालं?"

"झालं."

फाटक वाजलं. नवऱ्याची हातगाडी आत आली. तो अजून अंगणाच्या पलीकडे होता, गाडीची चाकं करकरत होती, आणि फळीवर आवाज झाला.

टप्.

दोघी पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. टप्. तो गाडी टेकवून इकडे यायला लागला. टप्, टप्. त्यानं वखारीच्या दारात पाय ठेवला तेव्हा ते थेंब राहिले नव्हते. पट्टीच्या टोकावरून एक जाड धार लोंबत होती आणि हलत होती.

"माझ्या पोराला बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं की काय!" सासूबाई म्हणाल्या. त्यांची थट्टा करायची सवय ती, तोंडातून गेलं. मग त्यांनी सुनेकडे बघितलं, सुनेनं त्यांच्याकडे. कुणी हसलं नाही.

"काय बघताय गं दोघी?" नवरा म्हणाला, आणि आत येऊन त्यानं मशीनवर हात ठेवला. असा, की गाईच्या पाठीवर ठेवावा.

७

"आजच्या आज परत देऊन या," लख्खी म्हणाली.

"का?"

का, हे तिला सांगता येईना. जे तिला वाटत होतं ते तोंडानं बोलायचं म्हणजे घाण चघळल्यासारखं होतं. "तेल गळतं," ती म्हणाली.

"सगळीच गळतात. आणि बेकरीला जळण कोण देणार? तू दातांनी तोडणार?" बावीस वर्षांत तो तिच्यावर असा खेकसला नव्हता. "इतकी वर्षं हात धुवा, हात धुवा करून डोकं खाल्लंस. आता धुतले जातायत तर त्यातही खोट."

दुपारी जेवून तो वखारीत गेला. मशीनचा आवाज आला, तासभर आला, मग बंद झाला. लख्खी भांडी घासत होती. ती वाट बघत होती की आवाज परत सुरू होईल. होईना. नळ बंद करून तिनं कान दिला.

एक बारीक आवाज येत होता. सपक्, सपक्. सपक्, सपक्. सावकाश, मन लावून.

ती फडक्याला हात पुसत मागं गेली. भर दुपार, ऊन लख्ख, पत्र्याच्या फटीतून उजेडाचे पट्टे आलेले. नवरा ओंडक्याला टेकून झोपला होता. तोंड उघडं, चेहऱ्यावर असं समाधान, जसं लग्नाच्या पहिल्या वर्षात सुद्धा नव्हतं. एक हात बाजूला लोंबत होता. मशीन त्या हाताशी होतं. इंजिन बंद.

साखळी फिरत होती. दातांची बाजू वर गेली की थांबायची, थोडी मागं यायची, मग पुन्हा पुढं. हाताच्या पाठीवरून, बोटांच्या बेचक्यांतून. दातांच्या मधून काहीतरी बाहेर येऊन आत जात होतं. लख्खीला ते नीट दिसलं नाही. गुलाबी होतं आणि रुंद होतं, एवढंच. त्याचं मनगट लहान मुलाच्या मनगटासारखं दिसत होतं.

ती ओरडली नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं असतं तर ओकारी झाली असती. तिनं मशीनचं हँडल धरलं आणि ओढलं.

ते सुटेना. थोडं मागं आलं, परत गेलं. जसं कुत्रं हाडूक सोडत नाही. मग सुटलं.

नवऱ्यानं डोळे न उघडता रिकामा हात हवेत हलवला, शोधत.

८

मशीनची टाकी महिन्यातून एकदा आतून धुवायची असते. जुनं तेल ओतून टाकायचं, आत घाण साठली असेल ती काढायची. ही गोष्ट मात्र लख्खीला कुणापेक्षाही चांगली येत होती.

तिनं अंगणात फरशीवर मशीन ठेवलं. मोठं पातेलं भरून पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा ओतला, दोन मुठी नाही, अख्खं पाकीट. सासूबाईंनी काही न विचारता नरसाळं आणून दिलं.

"धरू का गं?"

"लांब उभ्या राहा."

तेलाचं बूच फिरवलं. आतून उबदार श्वास आला, निदान लख्खीला तसं वाटलं. टाकीत वाफ असते, तिनं स्वतःला सांगितलं. उन्हात ठेवलंय. टाकीच्या तोंडाशी काहीतरी होतं, ते मागं सरकलं. तिनं नरसाळं खुपसलं आणि उकळतं पाणी ओतलं.

आधी काही झालं नाही. मग मशीन फरशीवर उचक्या द्यायला लागलं.

"अगं काय करतेस!" नवरा दारातून धावत आला. तो तिच्यापाशी पोचला तेव्हा रडत होता, चांगला पन्नाशीचा बाप्या. "अगं त्याला त्रास होतोय! सोड त्याला!" सासूबाईंनी त्याला कमरेला मिठी मारून धरलं. गुडघे कसेही असले तरी म्हातारीच्या हातांत जोर होता.

लख्खीनं दुसरं पातेलं ओतलं.

आणि मशीननं सगळं बाहेर काढलं. बुचातून, झाकणाच्या फटीतून, पट्टीच्या मुळातून. इतके दिवस न सापडलेला सगळा भुसा, भिजून, चावून, मुठीएवढे गोळे झालेला. गायीनं रवंथ करता करता टाकावा तसा. त्याच्या मागून ती पिवळट तार, वितभर, हातभर. त्यात केस. पांढरे, काळे, एक लांब वेणीएवढा पुंजका. कांद्याच्या सालीसारखी पातळ पातळ सालपटं, आणि जे एक लख्खीच्या पायाशी येऊन चिकटलं, त्यावर बारीक भोवऱ्यासारख्या रेषा. आणि सगळ्यांत शेवटी, टक् करून फरशीवर आपटलं ते एक नख. अख्खं, मुळापासून. त्याला गुलाबी रंग लावलेला होता.

मग मशीन पडून राहिलं. लोखंडासारखं. नवरा एकदम गप्प झाला, झोपेतून उठल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला, आणि म्हणाला, "हात दुखतोय गं."

लख्खीला तो शब्द इतका गोड कधी लागला नव्हता.

"हात लावू नको त्याला," सासूबाई त्या घाणीकडे बघून म्हणाल्या. "माती टाक वर. मी फावडं आणते. ऐकतेस का? पुसू नको."

"नाही पुसत," लख्खी म्हणाली.

म्हातारी फावडं आणायला गेली. नवरा खाली बसला. ऊन होतं, आणि फरशी होती, तिनं रोज घासलेली, आरशासारखी, आणि तिच्या मधोमध ते. एक ओघळ उंबऱ्याकडे यायला लागला होता. घरात येणार होता.

सासूबाई फावडं घेऊन आल्या तेव्हा लख्खी गुडघ्यांवर बसून खांद्यावरच्या फडक्यानं उंबरा पुसत होती.

९

मशीन त्यांनी ठेवून घेतलं नाही. भंगारवाल्याला बोलावून डोळ्यांदेखत हातोड्यानं फोडून घेतलं. आत काही नव्हतं, लोखंड आणि स्क्रू. भंगारवाला म्हणाला, चांगलं होतं की हो. नवऱ्यानं दुकानातून एक कोरं आणलं, जड, धूळ बसलेलं. पहिल्याच दिवशी त्याच्या झाकणाखाली काळा चिकट लगदा जमला आणि लख्खीनं तो दाभणानं कोरून काढताना डोळ्यांना पदर लावला.

नवऱ्याचा हात भरत आला. तीन आठवड्यांनी तो जेवायला बसला तर नखांत काळी रेघ. बोटांना तेल. लख्खीनं तो हात दोन्ही हातांत धरला आणि गालाला लावला. गालाला काळा पट्टा उठला.

"बाई, बाई, बाई," सासूबाई म्हणाल्या. "आता हिलाच कुणीतरी पुसा."

सगळे हसले. अशी दुपार त्या घरात फार दिवसांनी आली होती.

जेवण झाल्यावर लख्खी एकटी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. नवरा वखारीत गेला होता. पुसता पुसता तिला सहज आठवलं, की फडकं धुवायला टाकायचं राहिलंय. काल राहिलं. परवाही राहिलं. तिनं ते उलगडून बघितलं, किती मळलंय म्हणून.

निळ्या चौकड्या दुकानातून आणल्यासारख्या. ओट्यावरची हळद नाही, तेल नाही, काजळी नाही. फडकं ओलसर होतं आणि कोमट होतं, हातात धरलेलं म्हणून असेल. तिनं तळहाताकडे बघितलं. मग दुसऱ्या तळहाताकडे. उजेड नीट पडत नव्हता म्हणून ती खिडकीशी गेली, आणि तिथं उभी राहून पुष्कळ वेळ बघत राहिली, कोऱ्या कागदाकडे बघावं तशी.

मग तिनं फडकं दोन बोटांच्या चिमटीत धरून दाराजवळच्या खुंटीवर अडकवलं आणि पाठ भिंतीला लावून लांब उभी राहिली. खुंटीखालची फरशी कोरडी होती. मिनिटभर कोरडी होती. दोन मिनिटं कोरडी होती. उगाच, ती स्वतःला म्हणाली. उगाच मनात घेते मी.

ती खुंटीकडे एक पाऊल आली.

टप्.